स्वादुपिंडाची गाठ: ऑपरेशनआधी कोणती सोनोग्राफी, कधी आणि कशासाठी

पारोळा तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. वडील ६२ वर्षांचे, शेतकरी. महिनाभरापासून कावीळ आहे, पण पोट दुखत नाही. अंगाला खाज सुटते, वजन उतरलंय, आणि साखर गेल्याच वर्षी पहिल्यांदा निघाली. पोटाच्या सोनोग्राफीत ‘स्वादुपिंडाच्या डोक्यात २.८ सेंटीमीटरची गाठ, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही फुगलेल्या’ असा रिपोर्ट आला. एका डॉक्टरांनी लगेच स्टेंट, म्हणजे बंद पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकायला सांगितलं, दुसऱ्यांनी सीटी स्कॅन, तिसऱ्यांनी नाशिकला जाऊन दुर्बिणीतून सोनोग्राफी. मुलगा विचारतो: सोनोग्राफी एकदा झाली, मग पुन्हा सोनोग्राफी कशाला? आणि गाठीत सुई घातली तर आजार पसरणार नाही का?

दादा, आधी थेट उत्तर देतो, कारणं मागाहून. वडिलांना ताप किंवा थंडी वाजत नसेल तर पहिलं काम स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्कॅन, आणि तो स्टेंट पडायच्या आधी. तो घेऊन स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनला भेटा. दुर्बिणीतली सोनोग्राफी लागेल की नाही हे त्या भेटीत ठरू द्या. तिन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न क्रमाचा आहे, आणि या आजारात, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा संशय असताना, क्रम चुकला की नंतर दुरुस्त करणं अवघड जातं. मी रेडिओलॉजिस्ट आहे, खानदेशातच वर्षानुवर्षं पोटाच्या सोनोग्राफी करतोय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

स्वादुपिंड पोटात अगदी मागे, कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. त्याचं डोकं ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, वळणात बसलेलं असतं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत जातं. समोर जठर आणि मोठं आतडं. त्यांत हवा असली की सोनोग्राफीच्या लहरी तिथेच परततात आणि पडद्यावर नुसता करडा धुरळा दिसतो. म्हणून आम्ही सहा ते आठ तास उपाशी यायला सांगतो. पेशंट सकाळी चहा घेऊन येतो, ‘चहाच तर होता’ म्हणतो. पण चहासोबत हवाही गिळली जाते. तरीही दिसलं नाही तर दोन ग्लास पाणी पाजून, बसवून, थोडं कुशीवर वळवून पाहतो. पाण्याने भरलेल्या जठरातून मागचं बऱ्यापैकी दिसतं. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतो ते सोनोग्राफीचं टोक, हळूहळू, श्वास सोडताना दाबत नेला की मधलं आतडं बाजूला सरकतं. याला वेळ लागतो. पाच मिनिटांत पोट आटपणाऱ्या तपासणीत स्वादुपिंड नीट पाहून होत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

मी आधी प्लीहेकडून येणारी शीर शोधतो. ती स्वादुपिंडाच्या पाठीमागून जाते आणि स्वादुपिंडाच्या मानेच्या, म्हणजे डोक्यालगतच्या अरुंद भागाच्या, मागे आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळून पोर्टल व्हेन बनते. तो संगम सापडला की पुढचं सगळं जागेवर लावता येतं. मग स्वादुपिंडाची नळी. डोक्यात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते, शेपटाकडे आणखी बारीक होत जाते. गाठ असली तर ही नळी शेपटाकडून फुगलेली, वळणावळणाची येते आणि एका ठिकाणी अचानक तुटल्यासारखी थांबते. जिथे थांबते तिथे थांबून नीट पाहायचं. बहुतेक वेळा तिथेच आजूबाजूपेक्षा काळसर, कडा अस्पष्ट असलेला गोळा असतो. पित्तनलिकाही त्याच पातळीला बंद झाली असेल तर दोन्ही नळ्या फुगलेल्या दिसतात. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच आहे, आणि ज्यांनी ही सोनोग्राफी केली त्यांनी काम चोख केलंय.

पोटावरून केलेल्या या तपासणीचं बळ आणखी दोन ठिकाणी आहे. लिव्हरमध्ये डाग आहेत का आणि पोटात पाणी आहे का. यातलं काही निघालं तर मोठ्या ऑपरेशनची गोष्टच बदलते. म्हणून रिपोर्टमध्ये गाठीचा आकार असतो तसा लिव्हरचा, पाण्याचा आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथींचा स्पष्ट उल्लेख असावा.

आता मर्यादा. २ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ पोटावरून अनेकदा सुटते. शेपटाकडची तर सहज सुटते. त्यामुळे ‘स्वादुपिंड गॅसमुळे दिसलं नाही’ आणि ‘स्वादुपिंड नॉर्मल आहे’ ही दोन वाक्यं एकसारखी नाहीत. पहिलं वाक्य असेल आणि तक्रारी कायम असतील, तर तपासणी पूर्ण झालेली नाही असं समजा. दुसरा नेहमीचा घोटाळा खड्यांचा. आपल्याकडे पित्ताशयात खडे असणारी माणसं भरपूर. कावीळ झाली, सोनोग्राफीत खडे दिसले, की सगळा दोष खड्यांवर जातो. पण न दुखणारी कावीळ, तट्ट फुगलेलं पित्ताशय आणि फुगलेली पित्तनलिका असं तिन्ही एकत्र असेल, आणि नलिकेच्या खालच्या टोकाला खडा दिसत नसेल, तर आधी स्वादुपिंडाचं डोकं आणि नलिका आतड्यात उघडते ती जागा संशयाने पाहायलाच हवी.

जरा विषयांतर होतंय, पण खानदेशात राहून हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्याकडे येणारे यातले बरेच पेशंट गळ्यात काविळीची माळ घालून, चुन्याच्या पाण्याने कावीळ ‘उतरवून’ आलेले असतात. एक आजी तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘भाऊ, कावीळ उतरी गई म्हनतस, पन रातभर खाज झोपू देत नही.’ त्या श्रद्धेला मी हसत नाही. पाण्यातून किंवा अन्नातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि माळेला यश मिळाल्यासारखं वाटतं. पण नळी दाबली गेल्याने झालेली कावीळ ओसरत नाही. लघवी गर्द पिवळी, शौचाचा रंग पांढुरका मातीसारखा, अंगाला खाज, आणि भूक मेलेली असं दिसलं तर माळ राहू द्या गळ्यात, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. तसंच पन्नाशीनंतर नव्याने निघालेल्या साखरेसोबत वजनही घटत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभर माणसांत साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडतो. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचंही नाही.

पोटावरच्या सोनोग्राफीने गाठ दाखवली. आता ऑपरेशन होईल का, हा खरा प्रश्न, आणि तो मुख्यतः रक्तवाहिन्यांवर ठरतो. आतड्याला रक्त नेणारी मोठी धमनी आणि रक्त परत आणणारी शीर, दोन्ही स्वादुपिंडाच्या डोक्याला आणि मानेला खेटून जातात. गाठ धमनीपासून मोकळी असेल आणि शिरेला लागलेली नसेल किंवा शिरेच्या अर्ध्या घेरापेक्षा कमी, तीही शिरेचा आकार न बिघडवता लागलेली असेल, तर गाठ साधारणपणे काढण्याजोगी धरतात. मुख्य धमनीला अर्ध्या घेरापर्यंत टेकलेली असेल तर ती काठावरची. तिथे बहुधा आधी केमोथेरपी आणि मग ऑपरेशन. धमनीला अर्ध्याहून जास्त वेढलं असेल तर लगेच ऑपरेशन करत नाहीत. शिरेचा तुकडा काढून ती पुन्हा जोडता येते, धमनीचं तसं सोपं नाही, म्हणून धमनीकडे इतकं बारीक लक्ष.

हे मोजमाप सीटीवर सर्वांत भरवशाने होतं, पण साध्या पोटाच्या सीटीवर नाही. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण ३५ ते ५० सेकंदांनी एक फेरी आणि सुमारे ७० सेकंदांनी दुसरी, अशा दोन वेळा बारीक काप घ्यावे लागतात. पहिल्या फेरीत निरोगी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ मागे, काळी राहते. दुसऱ्या फेरीत शिरा आणि लिव्हर नीट दिसतं. चिठ्ठीवर ‘पॅनक्रियाज प्रोटोकॉल’ लिहून घ्या आणि सेंटरवर फोन करून तसा करतात का ते विचारा. नाहीतर जळगावात एकदा आणि मुंबईत पुन्हा एकदा, असा दोनदा खर्च होतो, आणि क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असलेल्या, माणसाला ते औषध दोनदा देणं बरंही नाही.

स्टेंटचा मुद्दा इथेच येतो. पित्तनलिकेत स्टेंट पडला की गाठीभोवती सूज येते, काही वेळा स्वादुपिंडाला दाह होतो, आणि धातूचा स्टेंट असेल तर सीटीवर त्याच्या रेघा उठतात. मग सूज कुठली आणि गाठ कुठली हे सांगणं मलाही कठीण जातं. दुर्बिणीतल्या सोनोग्राफीलाही स्टेंटची सावली नडते. दुसरं असं की लवकर ऑपरेशन होणार असेल तर सरसकट स्टेंट टाकणं फायद्याचं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत, बिलिरुबिन (कावीळ किती हे सांगणारा रक्तातला आकडा) साधारण २.३ ते १४.६ असलेल्या पेशंटमध्ये, थेट ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्के जणांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांत ती ७४ टक्के होती. त्या काळी प्लॅस्टिकचे स्टेंट वापरले होते, हे खरं. तरीही धडा तोच राहतो. अपवाद मात्र स्पष्ट आहेत: थंडी वाजून ताप, म्हणजे नळीत पू होण्याची भीती, बिलिरुबिन फारच चढलेलं, किंवा आधी केमोथेरपी द्यायची असल्याने ऑपरेशन लांबणार. ताप असेल तर सीटीसाठीही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता ती दुर्बिणीतली सोनोग्राफी, जिला डॉक्टर ईयूएस म्हणतात. तोंडातून एंडोस्कोप जठरात आणि ड्युओडेनममध्ये नेतात. त्याच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. पोटावरून आम्ही साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतो, कारण खोलवर जायचं असतं. आतून स्वादुपिंड जठराच्या भिंतीला लागूनच असतं, खोल जायची गरज नाही, म्हणून ५ ते १२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी चालतात आणि चित्र कितीतरी बारीक येतं. केळीची बाग रस्त्यावरून पाहणं आणि सरीत उतरून घड हातात घेऊन पाहणं, एवढा तो फरक आहे. मध्ये हवा नाही, चरबी नाही, आतडं नाही. म्हणून ‘पुन्हा सोनोग्राफी कशाला’ याचं उत्तर असं, की नाव एक असलं तरी ही तपासणी वेगळीच आहे.

पडद्यावर गाठ काळसर दिसते. तिच्या आणि शिरेच्या मध्ये निरोगी माणसात चरबीची एक पातळ पांढरी रेघ असते. ती रेघ अखंड असली की आमचा जीव भांड्यात पडतो. रेघ पुसली गेली, शिरेची भिंत खडबडीत झाली, किंवा रक्ताचा प्रवाह दाखवणारं डॉपलर लावल्यावर शिरेतला प्रवाह तिथे अरुंद झालेला दिसला, की आजार शिरेपर्यंत पोचल्याचा संशय पक्का होतो. पोर्टल व्हेन आणि तिचा संगम यावर अशा पद्धतीने चांगलं पाहता येतं. खोलवरच्या मुख्य धमनीबाबत मात्र मी सीटीवरच जास्त विसंबतो. ईयूएस जवळचं उत्तम दाखवतं, दूरचं नाही. लिव्हरचा उजवा बराच भाग, फुप्फुसं त्याच्या टप्प्यात येत नाहीत. त्यामुळे सीटीच्या जागी ईयूएस, असा हिशेब कधीच करू नका.

ईयूएस नक्की कधी लागतं? सीटीवर नळ्या फुगलेल्या आहेत पण गाठ दिसत नाही, तेव्हा. स्वादुपिंडाच्या दहातल्या साधारण एका कॅन्सरचा रंग सीटीवर आजूबाजूसारखाच असतो, तो असाच लपतो आणि ईयूएसवर सापडतो. ऑपरेशनआधी केमोथेरपी द्यायची असेल तेव्हा तर तुकडा, म्हणजे याच दुर्बिणीतून सुईने घेतलेला गाठीचा नमुना, हवाच; निदान सिद्ध झाल्याशिवाय केमो सुरू करत नाहीत. गाठ खरंच कॅन्सरची आहे का अशी शंका असेल तेव्हाही. आपल्या देशात ही शंका रास्त असते. स्वादुपिंडाजवळच्या ग्रंथींचा टीबी कॅन्सरसारखा दिसू शकतो. आयजीजी-४ शी संबंधित दाह (प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येणारी सूज) स्टेरॉइडने विरघळतो. जुन्या पॅनक्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या दाहात), विशेषतः वर्षानुवर्षं दारू घेतलेल्या माणसात, नुसती सुजेची गाठ होते; तिथे खड्यांनी आणि चट्ट्यांनी भरलेल्या स्वादुपिंडात ईयूएसलाही चाचपडावं लागतं. आणि शेवटचं, दूरची एखादी ग्रंथी, लिव्हरच्या डाव्या भागातला छोटा डाग किंवा पोटातलं चमचाभर पाणी सीटीवर संशयास्पद वाटलं तर तिथूनही सुईने नमुना घेता येतो. तो पॉझिटिव्ह आला तर माणूस एका मोठ्या आणि निष्फळ ऑपरेशनपासून वाचतो. मला ईयूएसचं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

आणि कधी लागत नाही? सीटीवर चित्र अगदी ठराविक आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, माणूस ऑपरेशन झेपणारा आहे आणि सर्जन थेट ऑपरेशनचा विचार करतायत, तेव्हा तुकड्याचा हट्ट धरू नये. कारण सुईच्या तपासणीत कॅन्सर असूनही साधारण दहातल्या एखाद्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर घरचे म्हणतात, ‘चला, कॅन्सर नाही’, आणि दोन-तीन महिने निघून जातात. चित्र संशयाचं आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर संशय तसाच उभा असतो.

सुईने पसरण्याची भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, ‘लोखंड लागलं की आजार खवळतो’ असं म्हणतात. त्याचं सरळ उत्तर: सुई फार बारीक असते, २२ किंवा २५ गेजची. डोक्यातल्या गाठीला ती ड्युओडेनमच्या भिंतीतून जाते, आणि व्हिपल ऑपरेशनमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये, तो भाग गाठीसोबत काढूनच टाकतात, म्हणजे सुईची वाटही निघून जाते. स्वादुपिंडाच्या मधल्या भागातल्या किंवा शेपटाच्या गाठीला ती जठरातून जाते. तिथे जठराच्या भिंतीत पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, पण ती विरळ आहेत. पोटाच्या कातडीतून सुई घालण्यापेक्षा आतून घालणं म्हणूनच पसंत करतात. स्वादुपिंडाला दाह किंवा रक्तस्राव यांचा धोका थोडासा असतो, शंभरात एक-दोघांच्या आसपास.

तुकडा घ्यायचा ठरला तर दोन गोष्टी आठवणीने सांगा. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, हे एक. दुसरं, काविळीत व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून आयएनआर तपासतात आणि लागल्यास व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन उपाशीपोटी कसं घ्यायचं हेही आदल्या दिवशी विचारून ठेवा. सीए १९-९ ही, या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणाऱ्या घटकाची, रक्ततपासणी करतील. कावीळ असताना तिचा आकडा कॅन्सरशिवायही चढतो, आणि काही माणसांच्या रक्तात तो घटक जन्मतः बनतच नाही, त्यामुळे त्या एका आकड्यावर आशा किंवा निराशा ठरवू नका. आकडा फारच मोठा असेल तर सर्जन मोठ्या ऑपरेशनआधी लॅप्रोस्कोपीने पोटात डोकावून पाहतात, लिव्हरवर प्रोब ठेवून तिथेही सोनोग्राफी करता येते.

राहिला जायचा प्रश्न. पारोळ्याहून नाशिक, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कुठेही जा, नंदुरबारकडचे बरेच लोक सुरतला जातात, तेही चालेल; पण सर्जनला हे विचारा की ते व्हिपल नेहमी करतात का. वर्षात एखाद-दुसरं करणाऱ्या ठिकाणापेक्षा नेहमी करणाऱ्या ठिकाणी या ऑपरेशनची जोखीम स्पष्टपणे कमी असते. सोबत सीटीची फक्त फिल्म आणि छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह न्या. सर्जनला शिरेभोवतीचे काप एकामागून एक स्वतः पाहायचे असतात, आणि चार फिल्मवर ते मावत नाहीत. सीटी आणि ऑपरेशन यांत चार आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर सीटी पुन्हा करायला सांगतील, म्हणून आधी सर्जनची वेळ घ्या आणि मग त्या हिशेबाने सीटी करा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगेल, आणि हे भरती व्हायच्या आधी विचारायचं.

दादा, तुमच्या वडिलांची गाठ ३ सेंटीमीटरच्या आत आहे आणि तुम्ही कळवलेल्या रिपोर्टमध्ये लिव्हरच्या डागांचा किंवा पाण्याचा उल्लेख नाही. हा कॅन्सर सापडतो तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ काढण्याजोगी असते. तुमचे वडील त्या पंधरा-वीस जणांत असू शकतात, आणि ते सीटीवर कळेल. या आठवड्यात क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि आयएनआर करून घ्या, सर्जनची तारीख मिळवा आणि सीटी करा. खाज फार होत असेल तर त्यासाठी औषध मिळतं, ते फॅमिली डॉक्टरांकडून आजच घ्या. मधल्या काळात केव्हाही थंडी वाजून ताप आला तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून वडिलांना घेऊन निघा.